उंदीर मीच उचलला होता

मुलांसाठी रहस्यकथा लिहिते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. मोठ्यांसाठी कधी लिहिणार, हा पहिला. जणू मी अजून बालवाडीत आहे आणि नीट अभ्यास केला तर मला वरच्या वर्गात घालणार आहेत. एवढं सगळं सुचतं कसं, हा दुसरा. पहिल्याला मी उत्तर देत नाही, चहा घेणार का विचारते. दुसऱ्याचं उत्तर असं, की मला काही सुचत नाही. मी करून बघते.

करून बघते म्हणजे अक्षरशः करून बघते. गोष्टीतली मुलगी लोखंडी कपाटात लपणार असेल तर आधी मी कपाटात शिरते. चावीचा ठसा साबणाच्या वडीवर नीट उठतो का हे बघण्यापायी आमच्या साबणांना कायम खाचा पडलेल्या असतात आणि नवरा त्याच साबणानं निमूट अंघोळ करतो. लिंबाच्या रसानं लिहिलेली गुप्त चिठ्ठी इस्त्रीखाली छान उमटते, पण तो रस इस्त्रीला चिकटतो आणि मग लग्नाला घालायच्या पांढऱ्या शर्टावर उमटतो, हेही मला ठाऊक आहे. गच्चीपासून पार्किंगपर्यंत जिन्यानं धावत यायला किती वेळ लागतो हे मोजायला मी पन्नाशी उलटल्यावर चार मजले धावत उतरले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून कुठे आग लागली का विचारलं होतं. नवरा बँकेतून निवृत्त झालेला, अबोल माणूस. घरात कुठेही काहीही सापडलं तरी तो ‘हिचं काहीतरी असेल’ असं म्हणतो आणि होतं तिथे ठेवून देतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मुलं सोडत नाहीत म्हणून. मोठी माणसं पुस्तक आवडलं म्हणतात आणि विसरून जातात. मुलं पत्र लिहितात. गेल्या वर्षी कळवणहून पाचवीतल्या एका मुलीचं पत्र आलं. माझ्या आधीच्या पुस्तकात देवळातली मूर्ती चार दिवस गायब असते आणि गावात कोणाच्या लक्षात येत नाही. तिनं लिहिलं होतं, ‘आमच्याकडे देवापुढची उदबत्ती विझली तरी आजी ओरडते. तुमच्या गावातल्या सगळ्या आज्या कुठे गेल्या होत्या? हे मला पटलं नाही. पुढच्या वेळी नीट लिहा.’ खाली आपली लाडकी वाचक, आणि फुलाचं चित्र.

मी आठवडाभर जळफळत होते. कारण पोरगी बरोबर होती आणि हातात असलेल्या नव्या पुस्तकातही मी नेमकी तशीच चोरी घातली होती. प्रकाशकांकडून फोन आला की चार दिवसांचे दोन करा, प्रश्न मिटला. असं कसं मिटेल? दोन तरी कशावरून? रोज डोळ्यांसमोर असलेली देवाची वस्तू नाहीशी झाली, तर माणसांना किती वेळानं कळतं, हे मला कळायलाच हवं होतं. आणि ते कळून घ्यायची सोय आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये होती.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची चार मजली इमारत आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात संगमरवरी देव्हारा, त्यात गणपती. गणपतीपुढे अंगठ्याएवढा चांदीचा उंदीर. तो उंदीर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काकांच्या वर्षश्राद्धाला दिलेला. देव्हाऱ्याला कडी आहे, कुलूप नाही. येता-जाता सगळे हात जोडतात, पण मोबाइल कानाला असतो आणि नजर आपल्या स्कूटरवर. मला खात्री होती की चार दिवस कोणाला पत्ता लागणार नाही आणि मी कळवणला ठणकावून उत्तर पाठवू शकेन.

या देव्हाऱ्याशी रोज खरा संबंध एकाच बाईचा येतो असं मी धरून चालले होते, त्या म्हणजे फुलवाल्या मावशी. इमारत बांधून झाली तेव्हापासून त्या येतात. मखमलाबादच्या पुढे त्यांचा थोडा मळा आहे; झेंडू, शेवंती, गुलछडी आणि बांधावर जास्वंद. मुलगा मोटारसायकलवरून गल्लीच्या तोंडाशी सोडतो. साडेसहाला त्या आत शिरतात, प्रत्येक दाराच्या कडीला फुलपुडी अडकवतात, खाली येऊन गणपतीला ताजा हार घालतात, शिळी फुलं टोपलीत टाकतात. ती निर्माल्याची टोपली दर शनिवारी पिशवीत रिकामी करून मळ्यातल्या खताच्या खड्ड्यासाठी घेऊन जातात. सातला त्या गेलेल्या असतात. बहुतेकांनी त्यांचा चेहरासुद्धा धड पाहिलेला नाही, दारावरची पुडी तेवढी पाहिली आहे. मी लवकर उठते म्हणून माझं त्यांच्याशी बोलणंचालणं. मी काय लिहिते ते एकदा त्यांना सांगितलं होतं. चोराच्या गोष्टी, आणि त्या पोरांना, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं होतं.

गुरुवारी पावणेअकराला पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी कडी काढली, उंदीर उचलला, कडी लावली. वहीत वेळ लिहिली. वर येऊन उंदीर तांदळाच्या डब्यात खोल खुपसला, कारण गोष्टीतला चोरही तेच करणार होता. नवऱ्याला सांगितलं नाही. प्रयोगाचा पहिलाच नियम आहे की घरच्यांना सांगायचं नाही, घरच्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

दुपारी मला इगतपुरीला जायचं होतं. तिथल्या एका शाळेत लेखिका आपल्या भेटीला असा कार्यक्रम होता. संध्याकाळी परतायचं, शुक्रवारी सकाळी आढावा घ्यायचा, कोणाला कळलेलं नसेल तर सोमवारपर्यंत थांबायचं, असं ठरवलं होतं. पण इगतपुरीचा ऑगस्टमधला पाऊस कोणाच्या ठरवण्यावर चालत नाही. रस्त्यावर पाणी, गाड्यांचा पत्ता नाही, शाळेनं कार्यक्रम शुक्रवारवर ढकलला, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी आग्रह करून घरी ठेवून घेतलं. शुक्रवारी कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुण्यांनी मुलांना अशा चोऱ्यामाऱ्यांच्या गोष्टींऐवजी थोरांची चरित्रं वाचा म्हणून माझ्याच शेजारी बसून सांगितलं. मग पुन्हा पाऊस. शनिवारी सकाळी कशीबशी सुटका झाली. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी कायमचा गप्प करून ठेवलेला आहे, कारण तिथे रोज पहाटे सुविचार आणि वाफाळत्या चहाचे कप येतात. त्यामुळे मला काही म्हणजे काही कळलं नाही.

शनिवारी साडेअकराला बॅग घेऊन जिना चढत होते, तर पहिल्या मजल्यावर काकूंनी गाठलं. डोळे सुजलेले. उंदीर चोरीला गेला, म्हणाल्या. गुरुवारी संध्याकाळी पाचला दिवा लावायला गेल्या तेव्हाच कळलं.

सव्वासहा तास. कळवणची पोरगी जिंकली होती. हा पहिला विचार माझ्या डोक्यात आला, हे लिहायला मला शरम वाटते, पण आला तो आला.

पुढे काकू म्हणाल्या, की फुलवालीला शुक्रवारपासून बंद केलं. दुसरं कोण हात लावतं देव्हाऱ्याला? सेक्रेटरींनी वॉचमनला सांगून तिला गेटवरूनच परत पाठवलं आणि शेजारच्या दोन्ही इमारतींनाही कळवून टाकलं, आपलं कर्तव्य म्हणून. काकूंना वाईट वाटत होतं, पण ते काकांच्या आठवणीचं. मावशींचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. नाव त्यांना माहीतच नव्हतं.

त्या क्षणी जिन्यात उभं राहून सांगायला हवं होतं, की काकू, उंदीर माझ्याकडे आहे. चार शब्दांचं काम. मी ते केलं नाही. मला लाज वाटली. वर्तमानपत्रात फोटो येणारी बाई, शाळांमधून मुलांना प्रामाणिकपणावर बोलणारी, आणि मी काकांच्या आठवणीचा उंदीर तांदळात खुपसून इगतपुरीला वडे खात बसले होते. म्हणून मी भित्र्या माणसाला जमतं ते केलं. युक्तिवाद केला.

विचारलं, काकू, तुम्ही उंदीर शेवटचा कधी पाहिलात? गुरुवारी सकाळी नऊला, म्हणाल्या, कडी काढून त्याला हात लावून नमस्कार केला की. मी म्हटलं, मावशी तर सातला जातात. मग नऊला उंदीर जागेवर होता म्हणजे त्यांनी नेला नाही. माझ्या पुस्तकातली चौथीतली मुलं एवढं ऐकून टुणकन उडाली असती. काकू म्हणाल्या, की मग ते बुधवारचं असेल, आता वयामुळे नीट आठवत नाही. मी कपाळाला हात लावला. दोन क्षणांपूर्वी ज्या बाईला वेळेसकट आठवत होतं, तिनं माझ्या डोळ्यांदेखत आपली आठवण एक दिवस मागे सरकवली, कारण चोर आधीच ठरलेला होता.

तरीही मी बोलले नाही. वर गेले, जेवले आणि कागद घेऊन बसले. कागद घेऊन बसण्यानंच सगळा घोळ केला. दुसरी कुठलीही बाई असती तर तिनं उंदीर गुपचूप जागेवर ठेवला असता किंवा रडतरडत कबूल केलं असतं. मी मात्र शेवट रचायला घेतला. उंदीर सापडला पाहिजे, पण असा सापडला पाहिजे की कोणाचाच दोष दिसू नये. सुटका सगळ्यांची व्हावी; मावशींची, माझी, काकूंचीही. उत्तर समोरच होतं. निर्माल्याची टोपली. शिळा हार उचलताना त्याबरोबर बारीकसारीक वस्तू जातात, हे कोणत्या घरात झालेलं नाही? आमच्याकडे सुपारी गेली आहे, एकदा जोडवं गेलं आहे. मावशी येत नसल्यामुळे टोपली उचललेली नव्हती. दुपारी सगळे वामकुक्षीला गेल्यावर मी खाली उतरले आणि सुकलेल्या शेवंतीच्या तळाशी उंदीर ठेवला. इतका निर्दोष शेवट मी पुस्तकातही लिहिलेला नाही, असं वाटून वर येऊन चक्क झोपले.

रविवारी सकाळी टोपलीला वास यायला लागला म्हणून वॉचमननं ती उलटी केली आणि उंदीर टणकन फरशीवर पडला. पाच मिनिटांत पार्किंग भरलं. मीही गेले, आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा करून. सेक्रेटरी उंदीर चिमटीत धरून उभे होते आणि समजावून सांगत होते. टोपली कोण नेतं? फुलवाली. कधी नेते? शनिवारी. म्हणजे गुरुवारी तिनं उंदीर फुलांखाली दडवला आणि शनिवारी निर्माल्याबरोबर राजरोस बाहेर काढणार होती. आपण शुक्रवारी तिला अडवलं म्हणून डाव फसला. लोक माना डोलवत होते. नंतर ते माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले, “मॅडम, घ्या, तुमच्या पुढच्या पुस्तकाला विषय.”

इतके दिवस मावशींवर नुसता संशय होता. आता पुरावा होता आणि तो मी स्वतःच्या हातानं, नीट विचार करून, त्यांच्याच टोपलीत नेऊन ठेवला होता. वीस वर्षं मुलांना सांगत आले की खोटा पुरावा पेरणारा माणूस सगळ्यात वाईट. त्या माणसाचा चेहरा नेमका कसा दिसतो, हे मला त्या सकाळी कळलं.

मग मात्र बोलले. तिथेच, सगळ्यांसमोर. म्हटलं, उंदीर मी उचलला होता. गुरुवारी पावणेअकराला. पुस्तकासाठी प्रयोग म्हणून. काल दुपारी टोपलीतही मीच ठेवला. मावशींचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मला वाटलं होतं गदारोळ होईल, काकू तोंडात मारल्यासारख्या बघतील. तसं काही झालं नाही. लोक माझ्याकडे अतिशय प्रेमानं पाहायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या एकानं तर हात जोडले. सेक्रेटरी म्हणाले, की तुमचं मन मोठं आहे मॅडम, गरिबाला वाचवायला स्वतःवर घेताय, पण असं पाठीशी घालून उलट त्यांचं नुकसान होतं. काकूंनी माझा दंड थोपटला. मी पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज चढवून. तेव्हा ते हसून म्हणाले, तुम्ही गोष्टी लिहिता, तुम्हाला काय, पटकन सुचतं.

मी धावत वर जाऊन वही आणली. त्यात तारीख, वेळ, तांदळाच्या डब्याची नोंद, सगळं होतं. सेक्रेटरींनी चष्मा लावून पान वाचलं आणि म्हणाले, की हे आत्तासुद्धा लिहिता येईल, याला पुरावा म्हणत नाहीत. दुसरं काही आहे का? आयुष्यभर गुन्हेगारांकडून कबुल्या काढल्या, कागदावर का होईना, पण कबुली देऊनही कोणी गुन्हेगार मानत नाही असा प्रसंग माझ्या कल्पनेतही कधी आला नव्हता.

एवढ्यात नवरा दुधाची पिशवी घेऊन बाहेरून आला. गर्दी बघून थांबला, सेक्रेटरींच्या चिमटीतला उंदीर पाहिला आणि म्हणाला, “हा आमच्या तांदळात होता ना?”

सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं सांगितलं, की शुक्रवारी खिचडीसाठी तांदूळ काढताना हाताला लागला, हिचं काहीतरी असेल म्हणून परत ठेवून दिला. बोलला का नाहीत, असं मी जवळजवळ किंचाळून विचारलं. मला कोणी विचारलं, असं म्हणून तो दूध घेऊन वर गेला. हा गृहस्थ पार्किंगमध्ये रोज स्कूटर लावतो आणि गणपतीपुढे उंदीर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. माझा मूळ सिद्धांत त्याच्यापुरता तरी अगदी बरोबर होता.

आणि लोकांना पटलं. लगेच. मी तीनदा सांगितलेलं सगळं मोठ्या मनाचं आणि सुचलेलं होतं. त्यानं एकदा सांगितलेलं खरं ठरलं, कारण तो बँकेत होता. काकू माझ्याशी एक शब्द न बोलता वर गेल्या. ते मला मान्य होतं, मी तेच कमावलं होतं. बाकीचे हळूहळू पांगले. दुपारी ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला, मी मुद्दाम उघडून वाचला. चांदीचा उंदीर सापडला असून गैरसमज दूर झाला आहे, सर्वांनी सहकार्य केल्याबद्दल आभार. खाली सव्वीस हात जोडलेले आणि मोदक. मावशींबद्दल एक ओळ नाही. मी विचारलं, त्यांना कोण कळवणार? उत्तर आलं, येतील ना त्या आपोआप, त्यांनाच गरज आहे.

सोमवारी मी रिक्षा करून मखमलाबादला गेले. विचारत विचारत मळा सापडला. मावशी आणि त्यांची सून गुलछडी खुडत होत्या. मावशींनी मला पाहिलं, पण हातातली ओळ संपेपर्यंत खुडायचं थांबवलं नाही. मग बांधावर बसल्या, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही; काकूंशी घातलेला वादसुद्धा आणि टोपलीत उंदीर ठेवून मी निवांत झोपले तेसुद्धा. माफी मागितली. त्या ऐकत होत्या, दांड्या सारख्या करून बाजूला रचत होत्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते ग्रुपवर कोणी लिहिलं नव्हतं, काकूही बोलल्या नव्हत्या. शुक्रवारी वॉचमननं त्यांना नुसतं परत पाठवलं नव्हतं. सेक्रेटरी खाली आले होते आणि त्यांनी पिशवी उलटी करायला लावली होती. गेटबाहेर, रस्त्यावर. दूधवाला, पेपरवाला, व्यायामाला निघालेली माणसं बघत होती. तीस घरांच्या पुड्या मातीत पडल्या. पोटातली पुरचुंडीसुद्धा सोडून दाखवली, असं त्या म्हणाल्या आणि कमरेला हात लावून दाखवला. शेजारच्या दोन्ही इमारतींनी दुसऱ्या दिवशी निरोप दिला की आता नको. मुलगा भांडायला निघाला होता, त्यांनीच त्याला अडवलं.

मी म्हटलं, मावशी, मी सांगितलं त्यांना, पण माझ्यावर विश्वासच ठेवेनात, पुरावा द्या म्हणाले. मला वाटतं मी ते माझी बाजू म्हणून सांगितलं. माझेही किती हाल झाले, हे कळावं म्हणून.

मावशींचे हात थांबले.

“ताई, तुमी सोताहून चोरी केली म्हनल्या, तर तुमाला पुरावा मागितला. मला कुनी मागितला नाय.”

त्या रागावून बोलल्या नाहीत. एखादी गोष्ट आत्ताच ध्यानात आल्यासारख्या बोलल्या. सुनेनं आणलेलं पाणी प्यायले, पुन्हा या म्हटलं, निदान इतर दोन इमारतींमध्ये मी स्वतः जाऊन सांगेन म्हटलं. त्या म्हणाल्या, बघते, फुलं काय थांबत्यात का. मी त्याच दिवशी दोन्ही इमारतींमध्ये गेले. दार वाजवून, घरोघर. नवऱ्याला बरोबर नेलं, कारण माझ्या शब्दाची किंमत मला कळली होती.

आठ दिवसांनी मावशी परत आल्या. साडेसहाला गेटमधून आत शिरल्या, प्रत्येक दाराला पुडी लावली, काकूंच्या दारालाही. खाली येऊन गणपतीला हार घातला, निर्माल्य टोपलीत टाकलं. मी वरून जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघत होते, मला इतकं बरं वाटत होतं. मग त्यांनी जिना चढून माझ्या दाराची बेल वाजवली. ताई, जरा खाली चला, म्हणाल्या.

मी गेले. देव्हाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी पिशवी उलटी केली. दोन्ही कोपरे चिमटीत धरून झटकले. दोरा आणि चार पाकळ्या पडल्या. कमरेची पुरचुंडी सोडली, दाखवली, बांधली. पडलेल्या पाकळ्या वेचून टोपलीत टाकल्या.

मी म्हटलं, मावशी, असं नका करू, कोणी विचारत नाहीये. त्या म्हणाल्या, विचारत नाय तेच तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल वाजली. तिसऱ्या दिवशीही. सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विनवलं, की येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बरं दिसत नाही, तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा त्यांना. मी म्हटलं, तुम्ही सांगा, आणि त्याआधी जे सांगायचं राहिलंय ते सांगा. ते गाडी काढून निघून गेले. काकू त्या वेळेला दार उघडत नाहीत.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मावशी रोज येतात, सात वाजायच्या आत माझी बेल वाजते. मी चपला घालून खाली जाते, पिशवी उलटी होते, मी बघते. ती रिकामी असते. “पाह्यलं ना?” त्या विचारतात. पाहिलं, असं मी मोठ्यांदा म्हणते, आणि मग त्या जातात.